रुमालाखालचे नऊ हात

पहिला हात मोडला तो मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, भर सौद्याच्या वेळेला.

सिद्रामप्पा कोरे, वय एकाहत्तर, सांगलीच्या हळद बाजारात पन्नास वर्षं मुरलेले अडते. दुकानामागच्या बोळात लघवीला गेले असताना दोन पोरांनी त्यांना भिंतीला दाबलं. एकाने तोंडात पोत्याचा तुकडा कोंबला, दुसऱ्याने डाव्या हाताची बोटं धरली. आधी करंगळी मोडली. मग थांबला, खिशातून फोन काढून बघितला, मान हलवली. मग शेजारचं बोट. पुन्हा फोन. तिसरं बोट मोडल्यावर त्याचं समाधान झालं आणि दोघेही घाई न करता चालत बोळाबाहेर गेले. उजव्या हाताला त्यांनी धक्कासुद्धा लावला नव्हता.

त्याच वेळी मार्केट यार्डातल्या व्यापारी संघाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्रिशला आवटी पडद्यासमोर बसली होती. किंकाळी तिला ऐकू आली नाही. तिला दिसला तो भाव. क्विंटलला अठरा हजार चारशेवरून बारा मिनिटांत साडेसतरा हजार. पीक बुडालं नव्हतं, सरकारचा हुकूम नव्हता, कुठल्या देशाने माल परत धाडला नव्हता. हळद आपली उगीच पडली होती.

सिद्रामप्पांना दवाखान्यात नेल्याचं तिला पाऊण तासाने कळलं. माणसाच्या आधी भाव कळावा असे दिवस आले होते, आणि ते आणण्यात त्रिशलाचा हात मोठा होता.

हे समजायला आधी रुमाल समजला पाहिजे. जुन्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबायचे. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. आधी दहाचा आकडा, मग सुटा. भोवती शंभर माणसं, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक. या पडद्याआड शेतकऱ्याला टोपी घातली जाते म्हणून सरकारने ही पद्धत बंद केली, आणि बरंच केलं. पण बंद झाली म्हणून ती म्हाताऱ्यांच्या बोटांतून गेली नाही. आपसातल्या सौद्यांना अजून रुमाल निघायचा. चेहरा दगडाचा ठेवायचा आणि बोलायचं ते हाताने. वर एक नियम होता: रुमालाखाली गेलेला हात सौदा होईपर्यंत मागे घ्यायचा नाही. ज्याने घेतला तो बाजारातून उठला.

आता यंत्राकडे येऊ. तोवर देशभरचे सगळे सौदे यंत्रंच करू लागली होती, आणि त्यात एक गंमत झाली होती. सगळी यंत्रं एकच बातमी एकाच क्षणी वाचायची आणि एकाच क्षणी घ्यायची-विकायची. सगळेच शहाणे झाले की शहाणपणाला किंमत राहत नाही. मग त्रिशलाच्या डोक्यात एक गोष्ट आली. पन्नास वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला संकटाचा वास त्याच्या बुद्धीच्या आधी त्याच्या शरीराला येतो. पुढ्यातला माल, समोरच्याची चाल, रस्त्यावरची गाड्यांची गर्दी, या शंभर बारीक गोष्टींची बेरीज मेंदू आतल्या आत करतो. आपल्याला ती 'कसंतरी वाटतंय' म्हणून कळते. त्याआधी काही मिनिटं तळहाताला घाम येतो, नाडी बदलते, आणि दंडाखालच्या स्नायूंत डोळ्याला न दिसणारी थरथर सुरू होते.

ही थरथर मोजणारा पट्टा तिने नऊ म्हाताऱ्यांच्या उजव्या मनगटाला बांधला. यंत्राचं नाव ठेवलं 'नाडी'. जिना चढला तरी काळीज धडधडतं, म्हणून नाडीची भिस्त मुख्यतः हाताच्या थरथरीवर. भाकरी मोडताना, तपकीर ओढताना बोटं हलतात, ती हालचाल यंत्र कचरा म्हणून गाळून टाकायचं. नऊपैकी जे हात यंत्राच्या जास्त भरवशाचे, त्यांतला एक जरी घाबरला तरी नाडी विकायला काढायची. दोन वर्षांत संघाचा तोटा निम्म्यावर आला. मग काय, चारशे परकी यंत्रं नाडीच्या शेपटीला लागली. नाडीने विकलं की मागोमाग सगळ्यांनी विकायचं. नऊ म्हाताऱ्यांचे हात आता देशाचा भाव हलवत होते, आणि ते कुणाचे हात हे मात्र गुपित होतं.

गुरुवारी दुसरा हल्ला झाला. जिनगोंडा मगदूम पंचाहत्तरीचे होते, बसतीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन यार्डाकडे यायला निघालेले. त्यांना मालवाहू टेम्पोच्या हौद्यात घालून नेलं आणि हमालाच्या लोखंडी आकड्याने डावा तळवा आरपार केला. भाव सात टक्के पडल्यावर त्यांना गटाराच्या कडेला सोडून दिलं. रुग्णवाहिकेतच त्यांचं काळीज थांबलं.

त्रिशलाने ते सगळं पडद्यावर पाहिलं होतं. नऊ हातांची नऊ वर्तुळं. शांत असला की हिरवं, घाबरला की लाल. जिनगोंडाकाकांचं वर्तुळ लालभडक झालं, मग राखाडी. लहानपणी ज्यांनी तिला खिशातले फुटाणे दिले होते त्या माणसाचा जीव जाताना तिने एका ठिपक्यात पाहिला, आणि तिला तिथेच पडद्यावर खुर्ची घालावीशी वाटली.

त्या दुपारी ती एका जुन्या कागदाशी जाऊन बसली. नाडी उभी करायला बाहेरून भांडवल लागलं होतं. गुंतवणूकदारांसाठी जे पुस्तक तयार झालं त्यात धोक्यांची यादी देणं भाग होतं, आणि जोखीम सांभाळणारी प्रमुख म्हणून ती त्रिशलानेच लिहिली होती. कामात ती चोख. एकही धोका लपवायचा नाही हा तिचा बाणा. कलम चौदा: 'या नऊ व्यक्तींपैकी कुणालाही शारीरिक इजा झाल्यास बारा मिनिटांत भाव चार ते सात टक्के पडू शकतो.' खाली नऊ नावं, वयं, पत्ते. यंत्राचा कुणावर किती भरवसा, त्या क्रमाने. अकरा जणांकडे पुस्तक गेलं. सहा जणांनी पैसे घातले. पाचांनी नम्रपणे नकार दिला, पण पुस्तक कुणी परत पाठवलं नव्हतं.

पहिलं नाव सिद्रामप्पा कोरे. दुसरं जिनगोंडा मगदूम. तिसरं भूपाल बाबगोंडा आवटी.

तिसरं नाव तिच्या वडिलांचं होतं. खरं तर यंत्राचा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्याच हातावर. पण स्वतःच्या बापाला पहिला लिहायची तिला लाज वाटली होती.

शुक्रवारी संघाची बैठक बसली. मोठ्या गुंतवणूकदारातर्फे हर्षल दिवेकर पुण्याहून आला होता. तिशीतला, गोड बोलणारा, सगळ्यांना 'सर' म्हणणारा.

"नाडी बंद करा. आत्ता, आणि जाहीर करून," त्रिशला म्हणाली. "बंद आहे हे कळल्याशिवाय मारणं थांबणार नाही."

"मॅडम, सोमवारी दुसऱ्या टप्प्याचे पैसे येतायत. शुक्रवारी यंत्र बंद केलं तर ते येतील का? दोन दिवसांचा प्रश्न आहे. प्रत्येकाला दोन-दोन रक्षक देतो."

"आणि पोलिसांना यादीबद्दल कोण सांगणार?"

"कुठली यादी?" दिवेकरने विचारलं. त्याला ती यादी पाठ होती. "तुमच्या सहीची?"

खोलीतले सगळे टेबलाकडे बघू लागले. त्रिशलाही बघू लागली, आणि गप्प बसली. हे तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

संध्याकाळी तिने घरी अण्णांना, वडिलांना, गाठलं. सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम. ते भाकरी-आमटीवर बसले होते.

"अण्णा, पट्टा काढा."

"का?"

"का काय विचारताय? जिनगोंडाकाकांचं काय झालं बघितलंय न्हवं?"

"बगितलं. खांदा दिलाय मी त्येला." अण्णांनी घास चावून संपवला. "आणि म्हणून काढू? उद्या यार्डात माणसं म्हणतील, आवट्याला मरणाचं भ्या वाटलं. पोरी, हात दिलाय मी. सौदा व्हायच्या आत मागं घ्यायचा न्हाई."

"हा सौदा नव्हे अण्णा, यंत्र हाय ते. यंत्राला तुमच्या शब्दाचं काय पडलंय?"

"यंत्राला नसंल. मला हाय की." मग तिच्याकडे बघून ते हसले. "आणि एवढं भ्यालीस तर उद्या त्येंनी मला धरलं तरी भाव पडू देत न्हाई, जा. चाळीस वर्सं ह्यो हात कुणाला वाचू दिला न्हाई मी."

तेव्हाच तिने यादीचं सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण अण्णांनी ताटाला हात लावून नमस्कार केला, आणि ती ताट उचलून आत गेली.

शनिवारी अकराला तिने त्यांना फोन लावला. उचलला नाही. रक्षकांना लावला. ते चहाच्या गाड्यावर होते. "अण्णाच म्हणाले, सोबत शिपाई घेऊन बाजारात हिंडायची लाज वाटते, चहा पिऊन या म्हणून."

ती धावत पडद्याशी आली आणि वर्तुळ बघितलं. हिरवं होतं. गच्च हिरवं, जराही लाल नाही. ती खुर्चीत बसली. "देवा," म्हणाली, "कुठेतरी गप्पा हाणत बसलेत." पोलिसांना कळवून ठेवलं, रक्षकांना शोधायला पिटाळलं. मग चहा मागवला आणि प्यायलीसुद्धा. यंत्र बनवणारीनेच यंत्रावर विश्वास ठेवला. त्यात अकरा मिनिटं गेली.

सव्वाअकराला सौद्याचा भोंगा झाला. सिद्रामप्पा दवाखान्यात; अण्णा सोडून बाकीची सहा वर्तुळं नेहमीसारखी क्षणभर लवलवली. भोंगा वाजला की म्हाताऱ्यांच्या अंगात वारं शिरतं. अण्णांच्या तर हमखास. आज अण्णांचं वर्तुळ ढिम्म हललं नाही.

त्रिशलाने कप ठेवला आणि त्या हिरव्याच्या आतले आकडे उघडले. काळजाचे ठोके मिनिटाला एकशे बेचाळीस. हाताची थरथर शून्य. काळीज जिवाच्या आकांताने पळणाऱ्या माणसाचं, आणि हात गाढ झोपलेल्याचा. कुठल्याही जिवंत माणसाचं असं होत नाही, तो जर स्वतः मुद्दाम हात धरून बसला नसेल तर.

तिने यंत्राने गाळून टाकलेला कचरा उघडला. पाच बोटांच्या पाच रेघा. त्या हलत होत्या. पाचही एकदम दाबल्या जात होत्या. मग थोडं थांबून दोन. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा पाच. पुन्हा दोन. मधेच रेघा वेड्यावाकड्या व्हायच्या, आणि मग ठरवून, नेटाने, पुन्हा पाच आणि दोन.

आधी दहाचा आकडा, मग सुटा. बावन्न. हळदीचा भाव बावन्न कधी नव्हता. पण हरिपूरला, कृष्णेच्या काठाला, आवट्यांचं हळद साठवायचं पेव होतं. जमिनीत खोल, पोटाला मोठं नि तोंडाला चिंचोळं. महापुराने शेजारची पेवं खाल्ली, तेव्हापासून ओसाड पडलेलं. त्याचा नंबर बावन्न.

तिने पोलिसांना फोन केला; अर्ध्या तासात गाडी पोचेल म्हणाले. हमालांचा मुकादम यल्लाप्पा, त्याला केला, तो म्हणाला, "अक्का, टेम्पो काढतोय, खाली ये."

पण खाली जायच्या आधी एक गोष्ट उरली होती. पहिल्या दोघांना भाव पडेपर्यंत मारलं होतं, आणि पडल्यावर सोडलं होतं. अण्णा भाव पडू देत नव्हते. म्हणजे ती माणसं थांबणार नव्हती. जोखीमप्रमुख म्हणून तिच्या अंगठ्याला एक अधिकार होता: नाडीला डावलून हाताने विकायचा.

दिवेकर दारात उभा होता. "मॅडम, काय करताय? हिरवं आहे ना? ते ठीक आहेत."

"त्यांना मारतायत."

"मग यंत्र का नाही सांगत? असं विकाल तर संघ बुडेल. कारण काय लिहिणार?" त्याने तिचं मनगट धरलं. "अंगठा लावू देणार नाही मी."

त्रिशलाने टेबलावरचा पितळी पेपरवेट उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो नाक धरून खाली बसला, बोटांच्या फटींतून रक्त टपकू लागलं. तिने अंगठा लावला. सतरा हजार नऊशे. सतरा हजार सहाशे. सतरा हजार. चारशे यंत्रं मागोमाग धावली, आणि गावोगावच्या मालाची किंमत तिच्या अंगठ्याखाली विरघळून गेली. बाराशे घरांचं नुकसान तिने तेवढ्या वेळात केलं. तिला ते ठाऊक होतं, आणि तरी तिने अंगठा उचलला नाही.

टेम्पोत सात हमाल होते, लोखंडी आकडे घेऊन. हरिपूरच्या त्या माळावर बाभळीखाली एक गाडी चालूच उभी होती. तिघे जण पेवाच्या तोंडावर शिळा ढकलत होते.

"थांबा रं," यल्लाप्पा म्हणाला. अगदी हळू म्हणाला. मग धावला.

पुढचं सगळं मिनिट-दीड मिनिटात झालं. एकाने सुरा काढला आणि पहिल्या हमालाच्या मांडीत घातला. यल्लाप्पाने त्याच्या खांद्यात आकडा रुतवून, पोतं ओढावं तसं त्याला जमिनीवर ओढलं. दुसरा गाडीकडे पळाला. त्याला चौघांनी बॉनेटवर आपटून आपटून गप्प केला. तिसरा पोरगेलासा होता, त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर अजून हळदीचा भाव चालू होता. त्रिशलाने धोंडा उचलला. एकदा मारला तेव्हा तो पडला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तो "आई" म्हणाला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा यल्लाप्पाने तो मागून धरला.

"अक्का, बास. मरंल त्यो. अण्णाकडं बग."

ती पेवाच्या तोंडाशी झेपावली, पण यल्लाप्पाने तिला कंबरेला धरून मागे खेचलं. "आत हवा न्हाई! दोघं मरचाल." त्याने चिंधी पेटवून दोरीने आत सोडली. पुरुषभर खोल गेली आणि विझली. बंद पेवात दम कोंडणारा वायू साठतो. घाईने आत उतरून माणसं गेलेली होती. यल्लाप्पाने दोरी कंबरेला बांधली, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. त्रिशला मनात एक-दोन मोजत राहिली. एकोणचाळीसला दोरीला झटका बसला.

अण्णा वर आले ते काळेनिळे. डाव्या हाताची पाचही बोटं उलटी वळलेली, दोन दात गेलेले, कानातून रक्त. उजवा हात मात्र स्वच्छ होता, पट्टा जिथल्या तिथे. तोंडावर पाणी मारल्यावर त्यांनी श्वास ओढला, आणि सातही हमाल मोठमोठ्याने रडू लागले.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात ते बोलते झाले. नाडी तोवर बंद पडली होती, पैसे आले नव्हते, दिवेकरचं नाक पट्टीत होतं आणि त्याचा वकील सांगलीत. पकडलेल्या पोरांना पैसे कुणी दिले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. भाव पाडून झालेली कमाई तीनशे खात्यांत वाटली गेली होती. त्रिशला खाटेशेजारी बसली. अण्णांनी उशाचा टॉवेल ओढून आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात तिच्यापुढे केला. तिनेही टॉवेलखाली हात दिला. लहानपणी ते तिला असंच मोजायला शिकवायचे.

"भाव पडला?" त्यांनी विचारलं. गेलेल्या दातांमुळे शब्द फुसकत होते.

"पडला, अण्णा."

"मी न्हाई पाडला."

"न्हाई. मी पाडला."

तिच्या बोटांवर त्यांची बोटं होती, उबदार. "बाप हाय म्हणून पाडलास," अण्णा म्हणाले. "चुकलंच. पर तुज्या जागी मी असतो तर मीबी पाडला असता. ऱ्हाऊ दे."

तिचे डोळे भरून आले.

"एकच सांग मला," अण्णा म्हणाले. "नऊ माणसं आमी. बायकांस्नी ठाव न्हवतं आमच्या. मग आमची नावं त्येंस्नी दिली कुणी? जिनगोंडाला कुणी दिलं?"

"पोलीस शोधतायत, अण्णा," त्रिशला म्हणाली. आवाज हलला नाही. चेहरा त्यांनीच शिकवल्यासारखा ठेवला होता, पापणीही लवू दिली नाही.

अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. सौद्याला बघत तसे समोरच्या भिंतीकडे बघत होते. टॉवेलखाली तिचा हात त्यांच्या हातात होता. ते तो वाचत होते.

मग अण्णांनी हात मागे घेतला.